कॉर्बिनला परवाना हवाय

२ मार्च, रविवार

कॉर्बिनचं नाव बाबांच्या वर्गाच्या यादीत! मी कागद खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचला. कॉर्बिन टीग. त्याच्याच हाताने लिहिलेलं, ओळ सोडून खाली उतरलेलं.

बाबा वसंतात आणि पानगळीत चर्चच्या तळघरात पिस्तुलाचा वर्ग घेतात. त्याचं प्रमाणपत्र घेऊन शेरीफच्या कचेरीत गेलं की पिस्तूल लपवून बाळगण्याच्या परवान्याचा अर्ज करता येतो. नावं लिहून घेणं, कॉफी, कानावर लावायचे मफ – हे माझं काम. म्हणजे त्याला कॉफी मी द्यायची!

ज्या माणसाने माझ्या बहिणीचा जबडा ट्रकच्या पान्याने मोडला, त्याला कोटाखाली पिस्तूल लपवून हिंडायचंय. आणि शिकवणार कोण, तर तिचे वडील.

जेवले नाही. नाही, हे खोटं लिहिलं. सूप प्यायले.

९ मार्च, रविवार

ती दोघं जेवायला आली होती. जानेवारीपासून माझी बहीण केझाया परत कॉर्बिनकडेच राहते. सहा वर्षांपूर्वी याच टेबलावर मी तिला स्ट्रॉने दूध पाजत होते, आणि आज त्याच खुर्चीत तो बसून आईने रांधलेल्या मांसाची तारीफ करतो!

‘काय मास्तरीणबाई, खोडलंस का माझं नाव?’ आल्या आल्या हेच.

‘पेन सापडलं नाही.’

बाबा खदखदून हसले. तो म्हणाला, ‘बघा, मेव्हणीच्या मनात अजून जागा आहे माझी.’

‘आहे ना. दाराबाहेर.’

‘तिर्झे, बटाटे दे त्याला,’ आई म्हणाली. आईकडे प्रत्येक भांडणावर बटाटे असतात.

मग कळलं, हे सगळं कशासाठी ते. प्रार्थनेच्या वेळी आमच्या चर्चच्या दारांवर चार जण उभे असतात, कोटाखाली पिस्तूल. दुसरीकडे कुठे कुठे चर्चमध्ये गोळीबार झाले, तेव्हापासून. आम्ही त्यांना दारावरचे भाऊ म्हणतो. येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्याशी हात मिळवतो. त्यातला एक आता थकलाय. पाद्रीसाहेबांनी ती जागा कॉर्बिनला देऊ केलीय – परवाना आण, म्हणाले. पश्चात्ताप केलेला माणूस दारावर उभा राहिला की सगळ्यांना दिसतं, म्हणे.

बाबा तर फुलून गेले होते. ‘माझा जावई दारावर!’

कॉर्बिन काटा खाली ठेवून म्हणाला, ‘आत बसलो की माझ्या बाकावर कोणी टेकत नाही. दारावर हात तरी मिळवतील.’

हे खरं होतं. म्हणून जास्तच राग आला.

केझाया अजूनही डाव्या बाजूनेच चावते. कोणाच्या लक्षात येतं का? माझ्या येतं.

१२ मार्च, बुधवार

सापडलं!

आमची शाळा म्हणजे हेच जेवणाचं टेबल. आईकडे गणित आणि शुद्धलेखन, बाबांकडे बायबल आणि राज्यघटना. दुसऱ्या कुठल्या शाळेची पायरी मी चढलेली नाही. पण बाबांनी एक सवय लावली – कायदा कोणी सांगितला म्हणून मानायचा नाही, मुळातून वाचायचा. तसा आज ग्रंथालयात बसून वाचला.

इथे आयडाहोत शिक्षा संपून पूर्ण सुटका झाली की माणसाचे हक्क आपोआप परत येतात. मतदानाचा येतो. बंदुकीचाही बहुतेकांना येतो. म्हणून सगळे धरूनच चालतात – सुटला म्हणजे सुटला. कॉर्बिनची पूर्ण सुटका गेल्या उन्हाळ्यात झाली. नोव्हेंबरात त्याने मत दिलं आणि तिथे मिळणारा ‘मी मत दिलं’चा स्टिकर आठवडाभर टोपीवर मिरवला.

पण काही गुन्हे वेगळे काढून ठेवलेत. खून, बलात्कार, आणि पुढे – गंभीर इजा करणारी मारहाण. तेच त्याचं कलम! अशांना बंदुकीसाठी वेगळा अर्ज लागतो, आणि तोसुद्धा सुटकेनंतर पाच वर्षांनी. तोवर परवाना तर नाहीच, बंदुकीला हात लावणं हाच नवा गुन्हा. राज्याचा आणि देशाचाही.

त्याला हे ठाऊक नाही. बाबांनाही नाही. कोणालाच नाही.

ग्रंथालयातून घरी येताना मी गात होते. प्रार्थनेचं गाणं होतं, पण मन कुठे होतं ते मला माहीत आहे.

१५ मार्च, शनिवार

बाबांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं – कळूनही गप्प बसणं म्हणजे अर्धं खोटं, हे त्यांनीच शिकवलं.

ते शेडमध्ये वर्गासाठीची पिस्तुलं पुसत होते. मी कलम वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मधे तोडलं नाही. मग म्हणाले, ‘झालं?’

‘बाबा, त्याला परवाना मिळणारच नाही.’

‘मग शेरीफ नाही म्हणेल. तपासायचं काम त्यांचं. शिकवायचं माझं.’

‘पण वर्गातच गोळ्या झाडायच्या असतात! त्याने हातात घेतलं तरी गुन्हा आहे. तुम्ही दिलंत तर तुमचाही.’

तेव्हा त्यांनी चिंधी खाली टाकली. ‘पोरी, त्याला न्यायाधीशाने सोडला. देवाने सोडला. तुझ्या बहिणीने सोडला, जिचा जबडा होता तिने. आता तुझ्या दाराशी यायचं का त्याने, टोपी काढून?’

‘मी कायद्याचं बोलतेय.’

‘तू कायद्याचं बोलत नाहीयेस.’

आणि मग – ‘हे पुन्हा बोलायचं नाही. आईसमोर तर नाहीच. एवढा मोठा माणूस सरळ वाटेला लागलाय, त्याला खडे मारणारी माझी मुलगी नको.’

खडे! पान्याचं कोणी काही बोलत नाही.

१६ मार्च, रविवार

चर्चमध्ये बाबा माझ्याशेजारी बसले नाहीत. कॉर्बिनच्या बाकावर जाऊन बसले.

२३ मार्च, रविवार

केझायाशी बोलायचा प्रयत्न केला. ती मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. मी म्हणाले, तुझ्या घरात पिस्तूल येणार, तुला भीती नाही वाटत?

‘तुला वाटते ना, मग पुरे. दोघींनी कशाला घाबरायचं?’

मी कायद्याचं नुसतं नाव काढलं, तर ती वळली. ‘पुस्तकात काय लिहिलंय ते नको सांगूस. तू माझ्या जबड्यावर सहा वर्षं जगलीस, तिर्झा. तुला कोणी नवरा दिला नाही, नोकरी दिली नाही. पण तो दिलाय – मनासारखा वाईट माणूस. आता तो चांगला झाला तर तू करणार काय?’

मी चिमट्यांची टोपली खाली ठेवली आणि निघून आले. तिला कायदा सांगितलाच नाही. तिला नको होता.

हे खरं आहे का? तिला नको होता, हे खरं. मी दोनदा विचारायला हवं होतं, हेही खरं.

तिच्या गालावर उन्हात तो वण अजून दिसतो. चांगला झाला म्हणे!

३० मार्च, रविवार

कॉर्बिनला सांगायला हवं. माझं कर्तव्य आहे. उद्या सांगेन.

१ एप्रिल, मंगळवार

नाही सांगितलं. तो किराणाच्या दुकानात भेटला. मोटारीपर्यंत माझी पिशवी उचलून आणली, नको नको म्हणत असताना. ‘बघ, मास्तरीणबाई, अंडी फुटली नाहीत.’ एवढं म्हणून गेला. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

त्याने मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

६ एप्रिल, रविवार

खरंच सांगितलं असतं?

१२ एप्रिल, शनिवार

वर्ग झाला. सगळं नीट क्रमाने लिहिते, कारण पुढे मला स्वतःवरच विश्वास राहणार नाही.

सकाळी तळघरात कायदे, मग जेवायला आईचा राजमा-खिम्याचा रस्सा आणि मक्याचा पाव. बाबा कायद्याच्या तासाला म्हणाले, ‘कोणाला आपल्या पात्रतेबद्दल शंका असेल तर शेरीफला विचारा.’ दर वेळी हेच म्हणतात. आज माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी सगळे खडीच्या खाणीत, नेमबाजीला. ज्याच्याकडे पिस्तूल नसेल त्याला बाबा आपलं देतात. आणि प्रत्येकाचं मी मोबाइलवर चित्रण करते – उभं राहणं, मनगट, खांदे – नंतर त्यांना पाठवायला. बाबांचीच पद्धत. माणसाला आपली चूक सांगून पटत नाही, दाखवली की पटते, म्हणतात.

कॉर्बिनची पाळी आली. बाबांनी स्वतःचं पिस्तूल काढलं. वर्गाचं नाही – स्वतःचं, कमरेचं. मान म्हणून.

आणि कॉर्बिनने हात पुढे केला नाही! खिशातच ठेवले. म्हणाला, ‘ऑरिन, मला चालतं ना हे? नक्की? तुरुंगातून निघताना एक जण काहीतरी म्हणाला होता...’

बाबा म्हणाले, ‘चालतं. घे.’

तो तरीही माझ्याकडे वळला. मी मोबाइल धरून उभी. ‘मास्तरीणबाई, तू सांग. तुला सगळं ठाऊक असतं.’ थट्टा नव्हती. पहिल्यांदाच थट्टा नव्हती.

मी म्हणाले, ‘बाबांना विचार.’

खोटं बोलले नाही मी. एक शब्दही खोटा नाही.

त्याने पिस्तूल घेतलं. नेम वाईट. गोळ्या सगळ्या मातीत. शेवटची कशीबशी कागदाच्या कोपऱ्याला लागली, तर बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने त्याची पाठ थोपटली. तो पोरासारखा हसला. बाबांच्या डोळ्यांत पाणी.

माझ्या मोबाइलमध्ये सगळं आलंय. आवाजासकट.

१३ एप्रिल, रविवार

प्रार्थनेला गेले नाही. पोटात दुखतंय असं आईला सांगितलं. दुखत होतंच.

१५ एप्रिल, मंगळवार

गेले. शेरीफच्या कचेरीत.

हॅल्वरसन होता. लहानपणापासून ओळखतो, नाताळात चर्चच्या नाटकात मेंढपाळ होतो तो. आता त्या खात्यात बऱ्यापैकी वर आहे. त्याला मी मोबाइल दिला. म्हणाले, या माणसाला बंदुकीला हात लावायची मनाई आहे, आणि हे बघा.

त्याने बघितलं. पुन्हा बघितलं. मग दार लावून घेतलं.

‘तिर्झा, हे तू मला दाखवलंस, आता मला न बघितल्यासारखं करता येणार नाही. कळतंय ना?’

‘म्हणूनच आणलंय.’

‘पिस्तूल कोणाचं?’

‘बाबांचं.’

त्याने टोपी काढली, टेबलावर ठेवली, परत घातली. ‘ऑरिनला माहितीये का, तू इथे आलीयेस?’

‘नाही.’

तो म्हणाला, ‘घरी जा. आणि आणखी कोणी विचारल्याशिवाय काही बोलू नकोस.’

मला वाटलं, तो कॉर्बिनची बाजू घेतोय! पुरुष पुरुषांना सांभाळतात. तणतणतच घरी आले.

२४ एप्रिल, गुरुवार

पकडला!

स्वतःच्या पायांनी गेला. परवान्याच्या अर्जाला बोटांचे ठसे द्यावे लागतात, ते द्यायला. बाबांच्या सहीचं प्रमाणपत्र घेऊन, धुतलेला शर्ट घालून. खिडकीवरच्या बाईला म्हणाला म्हणे, ‘चांगले घ्या हं ठसे, मागच्या वेळी घाईत घेतले होते.’ ती हसली. मग आतल्या दारातून दोघे आले.

हे सगळं आईकडून. तिला केझायाने फोनवर रडत सांगितलं.

मला वाटलं होतं, मी गुडघे टेकून आभार मानेन. गुडघे टेकलेच नाहीत. पण जेवण मात्र पोटभर गेलं. हेच खरं, म्हणून लिहिते.

केझायाच्या घरात पिस्तूल येणार नाही. हे कोणीतरी केलंच पाहिजे होतं. मी केलं.

२७ एप्रिल, रविवार

केझाया आली होती. आत आली नाही. जाळीच्या दाराबाहेरूनच बोलली.

‘त्याने तुला विचारलं. तुझ्या तोंडावर विचारलं. मला सांगितलंय त्याने. तुझ्या मोबाइलमधलं चित्रण दाखवलं त्यांनी त्याला.’

‘त्याने तुझं हाड मोडलं होतं, केझाया.’

‘हो. आणि ते कबूल केलं, शिक्षा भोगली. रोज सकाळी मी चहा घेते तेव्हा माझ्या तोंडाकडे बघतो आणि मान खाली घालतो. तू कधी घातलीस?’

मी म्हणाले, तुला वाचवलं मी.

‘तू मला वाचवलं नाहीस. तू त्याला धरलंस. ससा धरतात तसं – गाजर टाकून.’

जाळीवर थुंकली. खरंच थुंकली! आम्हा दोघींना लहानपणी थुंकल्याबद्दल आई साबणाने तोंड धुवायला लावायची. पुसायला गेले तर आई म्हणाली, ‘राहू दे. वाळेल.’

आईने माझी बाजू घेतली नाही. बाबा परसात होते. त्यांना नुसते चढलेले आवाज ऐकू गेले, शब्द नाहीत; तरी आले नाहीत. त्यांना अजून वाटतंय, शेरीफच्या माणसांनी कुठून तरी माग काढला. केझायाने त्यांना सांगितलं नाही. का, कोण जाणे.

३० एप्रिल, बुधवार

बाबांना मीच सांगितलं.

त्यांनी चमचा घेतला, बशीत ठेवला. मग विचारलं, ‘मी त्याला घे म्हणालो, तेही आलंय त्यात?’

‘हो.’

‘आवाज स्पष्ट आहे?’

मला वाटलं चिडतील. चित्रण कसं झालंय ते विचारावं, तसं विचारत होते.

‘स्पष्ट आहे.’

‘बरं,’ म्हणाले आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेले.

८ मे, गुरुवार

हॅल्वरसन येऊन बाबांचं पिस्तूल घेऊन गेला. मग शेडमधली. मग बेडरूमच्या कपाटातली आजोबांची शिकारीची बंदूकसुद्धा. पावती दिली. बाबांनी ती नीट घडी करून खिशात घातली. ‘बस, कॉफी घे,’ म्हणाले त्याला. त्याने घेतली नाही.

जाताना मला म्हणाला, ‘सोमवारी देशाच्या सरकारचा वकील येणार आहे. कॉर्बिनचं काय व्हायचं ते होईल, त्याने विचारलं होतं, तेही न्यायाधीश ऐकेल. आता प्रश्न ऑरिनचा आहे. मनाई असलेल्या माणसाला जाणूनबुजून हत्यार दिलं का – सगळं त्या जाणूनबुजूनवर आहे. त्याला ठाऊक नसेल तर चूक. ठाऊक असेल तर तुरुंग. आणि मग त्यालाही कॉर्बिनसारखंच – पुन्हा बंदुकीला हात नाही.’

‘पण मी बाबांची तक्रार केलीच नव्हती!’

‘तूच आणलंस ते, पोरी.’

मी कलम वाचून दाखवलं त्या दिवशी शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. बाबा आणि मी. आणखी कोणीच ऐकलेलं नाही.

११ मे, रविवार

मातृदिन. आईला फुलं दिली. तिने नळाखाली धरली आणि पाणी वाहू दिलं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तिर्झे, एकदाच. मी तुला आयुष्यात खोटं बोलू दिलं नाही. पाच वर्षांची होतीस, बिस्किटाबद्दल खोटं बोललीस, तेव्हा मी तुला दिवसभर जेवू दिलं नाही. आता मी सांगतेय. एकदाच. माझ्या नावावर घाल ते पाप.’

मी म्हणाले, ‘आई, मला येत नाही.’

‘शीक,’ म्हणाली. ‘त्या दिवशी खाणीत तर बरंच जमलं होतं तुला.’

बाबा दारात येऊन उभे होते. ‘व्हर्ना, सोड तिला,’ म्हणाले. बस, एवढंच.

१२ मे, सोमवार

वकीलबाई होत्या. तरुण, माझ्याच वयाच्या. बाबांना बाहेर पायरीवर बसायला सांगितलं. टेबलावर आईने कॉफी ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

त्यांनी एकच विचारलं – पिस्तूल हातात देण्याआधी तुमच्या वडिलांना त्या मनाईबद्दल ठाऊक होतं का?

मी हो म्हणाले.

कशावरून?

मीच सांगितलं होतं.